वेड नको, काम दाखवा

अंधाऱ्या खोलीत संकलनाच्या टेबलापाशी एक बाई बसली आहे. समोरच्या छोट्या पडद्यावर एका नटाचा चेहरा. ती फिल्म मागे नेते, पुढे आणते, पुन्हा मागे नेते. नवरा दारात उभा राहून बोलतोय. येरझारा घालतो, बाहेर जातो, काही आठवलं की परत येऊन पुन्हा सुरू होतो. ती त्याला गप्प बसायला सांगते. वाद एवढाच, की नटाच्या डोळ्यांत हसू उमटायला लागतं ती फ्रेम नेमकी कोणती, आणि कट तिच्या आधी करायचा की नंतर. सेकंदाला २४ फ्रेम पळतात. त्यांतल्या एकीवर या दोघांचा जीव अडकलाय.

पेद्रो कोश्ता या पोर्तुगीज दिग्दर्शकाच्या २००१ सालच्या माहितीपटातलं हे दृश्य. ती बाई म्हणजे दानिएल ह्युइये आणि दारातला माणूस जाँ-मारी स्त्रॉब. या जोडप्याने रूढ सिनेमाच्या बहुतेक सवयी आयुष्यभर नाकारल्या. नवखी माणसं घेऊन त्यांच्याकडून वाक्यं पठणासारखी म्हणवून घेतली, चित्रीकरणाच्या जागी मुद्रित झालेला आवाजच शेवटपर्यंत ठेवला. तऱ्हेवाईक ठरायला एवढं पुरेसं होतं. पण कोश्ताने त्यांच्या तऱ्हांबद्दल कुणाला बोलतं केलं नाही, समीक्षकांना खुर्चीत बसवलं नाही, बालपणीचे फोटो दाखवले नाहीत. ‘सिसिलिया’ या त्यांच्या चित्रपटाचं संकलन चालू असताना तो त्या खोलीत बसून राहिला. माहितीपट संपतो तेव्हा ती दोघं कशी माणसं आहेत हेही आपल्याला कळलेलं असतं, पण ते वाटेत, काम बघता बघता.

चाकोरीबाहेरच्या दिग्दर्शकावर माहितीपट करायचा तर त्याचं काम दाखवावं, स्वभाव नव्हे, असं माझं ठाम मत आहे. आणि काम दाखवायचं तर ते ज्यांच्या बळावर उभं राहतं, ती माणसंही चौकटीत आली पाहिजेत. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. सेटवर प्रत्यक्ष पाऊल ठेवलेले लोक फार थोडे. बाकीच्यांच्या मनातलं दिग्दर्शकाचं चित्र अशा माहितीपटांतूनच तयार झालेलं असतं. कलेच्या नावाखाली काय खपवून घ्यायचं, कुणाचा आरडाओरडा म्हणजे ‘तळमळ’ आणि कुणाचे हाल म्हणजे ‘किंमत’, याचे आपले निकष तिथून येतात. म्हणून या माहितीपटांना जाब विचारायला हवा.

अडचण खरी आहे, ती आधी मान्य करू. चित्रकाराचा हात दिसतो. आँरी-जॉर्ज क्लूझोने १९५६ मध्ये पिकासोवर चित्रपट केला, तेव्हा कागदाच्या मागच्या बाजूला कॅमेरा लावून उमटत जाणारी रेघच पडद्यावर आणली. दिग्दर्शकाची रेघ अशी कुठे उमटत नाही. तो कॅमेऱ्याला हात न लावता, अभिनय न करता, दिवा न उचलता दिवसभर काम करू शकतो. त्याचं काम म्हणजे निर्णय, आणि निर्णय बाहेरून दिसत नाही. दिसतो तो कपाळाला हात लावून बसलेला माणूस, नाहीतर ओरडणारा, नाहीतर भारावून बोलणारा. मग माहितीपटवाला हाताला लागतं ते उचलतो: माणसाच्या लकबी, त्याचे किस्से, त्याचा संताप. काम निसटतं आणि मागे उरतो तो अवलिया.

आपल्या भाषेलाही अशा माणसांचं केवढं कौतुक! अवलिया, कलंदर, मनस्वी, झपाटलेला, वल्ली. यातला एकही शब्द दोष म्हणून वापरला जात नाही. प्रत्येकात एक सूट दडलेली आहे: त्याचं काय मनावर घ्यायचं, तो तसाच आहे. आणि हे शब्द बाईसाठी किती वेळा वापरलेले ऐकले? तिने तोच आग्रह धरला की ती हट्टी, तिरसट किंवा ‘तिच्यासोबत काम करणं अवघड’ ठरते. ज्या शब्दांत एकाला माफी मिळते आणि दुसरीला नाही, ते शब्द सर्जनाबद्दल काही सांगत नाहीत. समाजात कुणाला किती मोकळीक आहे, एवढंच सांगतात.

लेस ब्लँक या अमेरिकी माहितीपटकाराने एकाच दिग्दर्शकावर, वेर्नर हर्झोगवर, दोन चित्रपट केले. १९८०चा पहिला जेमतेम २० मिनिटांचा. एरॉल मॉरिस या तरुणाने आपला पहिला चित्रपट पूर्ण केला तर मी माझा बूट खाईन, असं हर्झोग म्हणाला होता. मॉरिसने तो पूर्ण केला आणि हर्झोगने लोकांसमोर शिजवलेला बूट खाल्ला. बघायला मजा येते, बोलतोही तो छान. पण तो चित्रपट कसा करतो, याचा त्यात मागमूस नाही.

दुसरा ‘बर्डन ऑफ ड्रीम्स’, १९८२चा. पेरूच्या जंगलात ‘फिट्झकराल्डो’चं चित्रीकरण चालू असताना ब्लँक आणि त्याची सहकारी मॉरीन गॉसलिंग तिथे राहिले. चित्रपटाची गोष्ट एका वेड्या स्वप्नाची: रबराच्या धंद्यासाठी एका नदीतलं जहाज डोंगरावरून ओढून दुसऱ्या नदीत न्यायचं. ज्या खऱ्या रबरसम्राटावरून ही कल्पना सुचली, त्याने आपलं बरंच लहान जहाज सुटं करून नेलं होतं. हर्झोगला मात्र सुमारे ३२० टनांचं अख्खं जहाज, खरोखरचं, चढावरून न्यायचं होतं. ओढण्याची यंत्रणा बसवणारा ब्राझीलचा अभियंता २० अंशांच्या चढाचा हिशेब धरून होता. हर्झोगला ४० अंश हवे होते. चढ कमी केला तर माझ्या चित्रपटाचं मध्यवर्ती रूपकच हातचं जाईल, असं त्याचं म्हणणं. अभियंता काम सोडून निघून गेला.

मला हा सगळ्या माहितीपटातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. एका बाजूला रूपक आहे, दुसऱ्या बाजूला दोरखंड, चिखल आणि त्या चढावर उभी असलेली माणसं. दिग्दर्शकाचा निर्णय म्हणजे काय, ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. आणि तो निर्णय निव्वळ कलात्मक नाही हेही दिसतं, कारण दोर तुटला असता तर रूपकाला इजा झाली नसती. ब्लँकचं मोठेपण असं की तो हर्झोगच्या मागे फिरत राहत नाही. त्याचा कॅमेरा वळतो आणि छावणीतल्या स्थानिक बायकांकडे, त्यांच्या मासातोकडे जातो. कंद चावून, आंबवून केलेलं ते पेय. थांबून थांबून कंटाळलेल्या माणसांकडे जातो. आधीची छावणी १९७९मध्ये जाळली गेली आणि अग्वारुना या तिथल्या आदिवासींचा या चित्रपटाला विरोध होता, हेही तो सांगतो. दिग्दर्शकाच्या प्रक्रियेत ही माणसं येतात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

पण हा चित्रपट लोकांच्या लक्षात कशामुळे राहिला? जंगलासमोर उभ्या असलेल्या हर्झोगच्या त्या स्वगतामुळे. इथले पक्षी गात नाहीत, वेदनेने नुसते किंचाळतात, असं तो म्हणतो. बोलणं जबरदस्त आहे, मीही ते कैकदा ऐकलंय. तरी त्या स्वगताने अभियंत्याला झाकून टाकलं याचं मला वाईट वाटतं. इतक्या डोळसपणे केलेल्या माहितीपटातूनही आपण प्रेक्षकांनी तेवढा अवलियाच उचलला. म्हणजे दोष सगळा माहितीपटकारांचा नाही. आपल्यालाही तेच हवं असतं.

‘द शायनिंग’च्या सेटवर स्टॅन्ली क्युब्रिकची मुलगी व्हिव्हियन हातात कॅमेरा घेऊन वावरत होती. तिचा सुमारे अर्ध्या तासाचा माहितीपट १९८०मध्ये आला. त्यात कामाच्या खुणा भरपूर आहेत. पटकथेची पानं रोज नव्याने टंकली जातात, आणि नायक जॅक निकल्सन सांगतो की जुने खर्डे वाचणं मी सोडून दिलंय, त्या दिवशीचं पान तेवढं घेतो. या एका वाक्यातून क्युब्रिकच्या पद्धतीबद्दल जेवढं कळतं, तेवढं कितीतरी लांब मुलाखतींतून कळत नाही. आणि याच माहितीपटात नायिका शेली डुव्हाल आहे. थकून जमिनीवर आडवी झालेली. दाराच्या एका शॉटला ती वेळेवर तयार नव्हती म्हणून क्युब्रिक सगळ्यांसमोर तिच्यावर भडकतो: आम्ही इथे जिवाचं रान करतोय आणि तू तयार नाहीस. पुढे ती स्वतःच म्हणते की राग यायचा, त्रास व्हायचा, पण शिकायलाही मिळालं.

तिच्या बोलण्याचा हा शेवटचा तुकडा गेली कित्येक वर्षं निकालासारखा फेकला जातो. बघा, तिलाच पटलं होतं! पण सोसलेल्या माणसाने सोसण्यातून स्वतःसाठी काही मिळवलं, तर ते त्याचं कर्तृत्व. सोसायला लावणाऱ्याच्या नावावर ते कसं जमा करता येईल? व्हिव्हियन क्युब्रिकने वडिलांवरच्या मायेपोटी यातलं काही कापलं असतं तर आज आपल्यापुढे पुरावाच नसता. तिने ते ठेवलं याबद्दल तिचे आभारच मानायला हवेत.

एलिनॉर कपोलाचं ऋण तर त्याहून मोठं. १९७६मध्ये तिचा नवरा, दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला, फिलिपीन्समध्ये ‘अपोकॅलिप्स नाऊ’ करायला गेला, तेव्हा ती मुलांना घेऊन सोबत गेली. प्रसिद्धीसाठी माहितीपट हवा होता आणि तिच्या हाती कॅमेरा दिला गेला. वादळाने सेट उद्ध्वस्त झाले, मुख्य नट बदलावा लागला, चित्रीकरण लांबत गेलं. तिने नवऱ्याचं बोलणं त्याच्या नकळत मुद्रितही केलं. १९७७च्या मार्चमध्ये मुख्य भूमिकेतल्या मार्टिन शीनला हृदयविकाराचा झटका आला. वय ३६. ही बातमी बाहेर फुटू नये म्हणून चिडलेला दिग्दर्शक फोनवर बोलताना आपण ऐकतो: तो मेला तरी, मी सांगेपर्यंत सगळं ठीक आहे, अशा अर्थाचं काहीतरी. हे साहित्य ‘हार्ट्स ऑफ डार्कनेस’मधून जगापुढे आलं ते १९९१मध्ये, मूळ चित्रपटानंतर १२ वर्षांनी, फॅक्स बार आणि जॉर्ज हिकनलूपर यांच्या हातून.

प्रसिद्धीसाठी दिलेला कॅमेरा प्रसिद्धीच्या पलीकडे गेला, तो एका व्यक्तीच्या धैर्यामुळे. नियम म्हणून असं घडत नाही. दिग्दर्शकावर माहितीपट करायचा म्हणजे त्याच्या चित्रपटांतले तुकडे लागतात, जुनं चित्रीकरण लागतं, पत्रं-वह्या लागतात. त्यांचे हक्क निर्मात्यांकडे, कुटुंबाकडे, कधी खुद्द दिग्दर्शकाकडे. ज्याचं चित्र काढायचं त्याच्याकडूनच रंग मागून आणायचे, अशी ही अवस्था. मग चित्र गुळगुळीत होतं यात नवल नाही. शिवाय बोलायला बसवतात ते कोण? चाहते दिग्दर्शक, जुने मित्र, नावाजलेले नट. सेट उभारणारा सुतार, कंटिन्युइटीची वही सांभाळणारी, चौथा साहाय्यक, बदलला गेलेला नट यांच्यापैकी कुणी क्वचितच दिसतं. खरं तर दिग्दर्शकाचं मन कसं बदलत जातं, याची सर्वांत अचूक नोंद कंटिन्युइटीच्या वहीत असते: कितवा टेक, काय बदललं, कशावर खूण केली.

याचं दुसरं टोक म्हणजे फ्रँक पॅविचचा २०१३चा ‘होदोरोव्हस्कीज ड्यून’. कधीच न झालेल्या चित्रपटावरचा हा माहितीपट. १९७०च्या दशकात अलेहांद्रो होदोरोव्हस्की या दिग्दर्शकाने ‘ड्यून’ या कादंबरीवर चित्रपट करायची अफाट तयारी केली होती. मोबियस या फ्रेंच चित्रकाराने काढलेल्या हजारो चित्रांचा जाडजूड ग्रंथ आजही आहे. म्हातारा होदोरोव्हस्की असा बोलतो की ऐकतच राहावं. पण चित्रपट झालाच नाही, त्यामुळे त्याच्या बोलण्याला पडताळणी नाही. आणि याच ओघात कळतं की भूमिकेसाठी त्याने स्वतःच्या १२ वर्षांच्या मुलाकडून दोन वर्षं युद्धकलेची तालीम करून घेतली. मुलगा ब्राँतिस माहितीपटात आहे, बोलतोही. तरी ही गोष्ट आख्यायिकेच्या सुरात पुढे सरकते. मला तिथे चित्रपट थांबवावासा वाटला. त्या पोराची दोन वर्षं हा या प्रक्रियेतला सर्वांत ठोस ऐवज. ग्रंथातली चित्रं त्यानंतर.

यावर नेहमीचा आक्षेप असा: हट्ट, जुलूम, वेड यांच्याशिवाय असं काम होतच नाही, सगळ्यांचं ऐकत बसलं तर जहाज डोंगर चढणार नाही. आक्षेपात तथ्य आहे, आणि तथ्य आहे तेवढं मी मानतो. हट्ट लागतोच. प्रश्न इतकाच की हट्टाचा भार कुणाच्या खांद्यावर. रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीच्या शेवटच्या चित्रपटातलं घर जळण्याचं दृश्य घ्या. १९८५, स्वीडनचं गॉटलंड बेट. एकाच लांब शॉटमध्ये घर जळायला हवं होतं. छायालेखक स्वेन निक्विस्टच्या मनाविरुद्ध कॅमेरा एकच ठेवला. ऐन आगीत तो अडकला आणि घर जळून गेलं. घर पुन्हा बांधलं, पुन्हा जाळलं, या वेळी दोन कॅमेरे लावून. या चित्रपटाचा संकलक मिहाउ लेश्चिलोव्हस्की याने केलेल्या १९८८च्या माहितीपटात हा अनर्थ आणि त्यानंतरची अवघडलेली शांतता दिसते. इथे हट्ट आहे, चूकही आहे. पण दुसऱ्या वेळी दोन कॅमेरे आहेत! माणूस ऐकायला शिकला, आणि चित्रपट त्यामुळे लहान झाला नाही.

आणि हट्ट न ओरडताही करता येतो. १९७५मध्ये बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमान २५ वर्षांची होती. ‘जान दिलमन’मध्ये एका विधवेचे तीन दिवस, घरकामासकट, तीन तासांहून जास्त वेळात तिला दाखवायचे होते. नायिका होती डेल्फिन सेरिग, तेव्हाची नामांकित नटी. चित्रीकरण चालू असताना सामी फ्रे या नटाने व्हिडिओ कॅमेऱ्यावर जे टिपलं, ते बऱ्याच वर्षांनी माहितीपट म्हणून जुळवलं गेलं. त्यात सेरिग विचारत राहते: ही बाई हे असं का करते? तिच्या मनात काय असतं? आकेरमानला मानसिक कारणं द्यायची नसतात. तिला हवी असते ती कृती, आणि त्या कृतीला लागणारा पुरता वेळ. दोघी अडतात. कधी अवघडतात, कधी हसतात. कुणी कुणाला चिरडत नाही, आणि शेवटी पडद्यावर येतं ते आकेरमानला हवं तसंच. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या २०२२च्या समीक्षक-कौलात हाच चित्रपट पहिला आला. छळाशिवाय काही अस्सल घडत नाही म्हणणाऱ्यांनी ते व्हिडिओ बघावेत.

माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेलं उदाहरण मात्र वेगळं आहे. ‘द फाइव्ह ऑब्स्ट्रक्शन्स’, २००३. डॅनिश दिग्दर्शक लार्स फॉन ट्रियर आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्याला, यॉर्गन लेथला, त्याचाच १९६७चा लघुपट पुन्हा पुन्हा करायला लावतो, दर वेळी नव्या अटी घालून. पहिली अट: एकही शॉट १२ फ्रेमपेक्षा मोठा नको. सर्जनाची घडण उलगडण्याची ही युक्ती विलक्षण आहे. अट पडली की कलावंत वाट कशी काढतो ते डोळ्यांदेखत घडतं. दुसरी अट: जगातल्या सर्वांत दीनवाण्या जागी जा, पण ती जागा दाखवू नकोस. लेथ मुंबईला आला. फॉकलंड रोडवर, वेश्यावस्तीत, सूट घालून टेबलावर बसला आणि साग्रसंगीत जेवला. मागे एक अर्धपारदर्शक पडदा. त्याच्यापलीकडे बायका आणि मुलं उभी राहून बघताहेत.

फॉन ट्रियरने हा भाग नापास केला. कारण? जागा दाखवायची नव्हती आणि पडद्यातून माणसं दिसत होती. अट मोडली. दोघे दिग्दर्शक समोरासमोर बसून या नियमभंगावर चर्चा करतात, शिक्षा ठरते, लेथ तिथे परत जायला नकार देतो. तो अस्वस्थ आहे हे दिसतं, आणि त्याची अस्वस्थता खरी आहे. पण चित्रपटाचा विषय त्याची अस्वस्थता हाच राहतो. पडद्यापलीकडच्या गर्दीला या खेळाबद्दल काय वाटलं, ते कधीच येत नाही. जेवणाऱ्या माणसाकडे बघत असलेली ती पोरं कुणी बसवलेली नव्हती. आपल्या गल्लीत हे काय चाललंय म्हणून ती जमली होती. इतक्या बुद्धिमान माहितीपटाला त्यांच्याकडे वळावंसं वाटलं नाही, कारण सर्जनाची प्रक्रिया त्या दोन पुरुषांच्या डोक्यात घडते असं तो गृहीत धरून चालतो.

हे गृहीतकच मला अमान्य आहे. चित्रपटाचं सर्जन डोक्यात सुरू होतं, पण घडतं ते माणसांमधल्या जागेत: अभियंता आणि रूपक यांच्यात, सेरिगच्या ‘का’मध्ये, ह्युइयेच्या ‘गप्प बस’मध्ये. म्हणून अशा माहितीपटांना सार्वजनिक पैसा देणाऱ्या संस्थांकडे, दूरचित्रवाहिन्यांकडे आणि महोत्सवांकडे माझी मागणी आहे. दिग्दर्शकाला किंवा त्याच्या वारसांना अंतिम संकलनावर नकाराधिकार असेल, तर ते प्रेक्षकांना स्पष्ट सांगा. आणि पैसे देताना विचारा, युनिटमधली किती माणसं यात बोलणार आहेत, आणि जी सोडून गेली त्यांच्यापर्यंत पोचलात का. चित्रपट महान ठरल्यावर सोडून गेलेल्यांना शोधायला कुणी जात नाही.

इराणी दिग्दर्शक जाफर पनाहीवर २० वर्षं चित्रपट करण्याची बंदी आली, सहा वर्षांची कैद सुनावली गेली. २०११मध्ये, अपिलाचा निकाल यायचा असताना, त्याने तेहरानमधल्या आपल्या घरात मोजताबा मिर्तहमास्ब या मित्राच्या हाती कॅमेरा दिला. गालिच्यावर चिकटपट्टी लावून न होऊ शकलेल्या चित्रपटातल्या मुलीची खोली आखली. इथे दार, इथे खिडकी, इथे तिचा बिछाना. पटकथा वाचत तो चौकटीत फिरतो, आणि मध्येच थांबतो. चित्रपट सांगूनच भागत असेल तर तो करायचा कशाला, असं विचारतो आणि उठून जातो. मग आपल्या जुन्या चित्रपटांतले तुकडे लावून दाखवतो: या नवख्या नटाने हे असं केलं, ते मी सांगितलेलं नव्हतं, इथे जागेनेच दिग्दर्शन केलं. सगळं हिरावून घेतलेला दिग्दर्शक आपल्या कलेबद्दल बोलायला बसतो, तेव्हा स्वतःच्या प्रतिभेबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याला आठवतात ती माणसं आणि जागा, ज्यांनी त्याने न सुचवलेलं काहीतरी दिलं. खाली गालिच्यावर पट्टीची चौकट तशीच असते, आत कुणी नसतं.